लिथियम चालू असताना दिवस गेले: एका बाळंतपणाची पूर्ण केस

आधी सांगून टाकते, खाली जी बाई येणार आहे ती कुणी एक खरी पेशंट नाही. मी मानसोपचाराच्या ओपीडीत समुपदेशक आहे, तिथे बायपोलर (कधी मूड अतिशय चढतो, कधी अगदी खाली जातो असा आजार) असलेल्या गरोदर बायका येतात, त्यांच्या घरांत जे पुन्हा पुन्हा घडताना दिसतं ते एकत्र करून ही केस मांडलीये, म्हणजे कुणाची ओळख पटायचा प्रश्न नाही. गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, कितव्या आठवड्यात काय, हे सगळं मात्र खरंच असंच चालतं. आणि डोसचे आकडे वाचून कुणी स्वतःचा डोस बदलू नका, कृपा करून, ते आकडे तिच्या किडनीचे आणि तिच्या आजाराचे आहेत.

वय २८. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, खासगी प्राथमिक शाळेत शिकवते, नवरा एमआयडीसीत नोकरीला. आजार सुरू झाला एकविसाव्या वर्षी, डी.एड. चालू असताना. चार-पाच रात्री झोपच नाही तरी दमणं नाही, एका दमात बोलत सुटायची, फीचे पैसे मोडून वर्गातल्या मुलींना ड्रेस वाटले, आपल्याला मोठ्या कामासाठी निवडलंय असं सांगत हिंडायची. घरच्यांनी बाहेरचं काही असेल म्हणून आधी देवऋषीकडे नेलं, अंगारा झाला, उतारा झाला, त्यात दोन आठवडे गेले, मग कुठे मानसोपचार डॉक्टरांकडे आणलं आणि निदान झालं. वर्षभराने आजाराची दुसरी बाजू आली, डिप्रेशनची, अंथरुणातून उठणं नाही, जेवण नाही, आणि एकदा जीव द्यायचा प्रयत्न. थोरल्या बहिणीच्या वेळेत लक्षात आलं म्हणून वाचली. हा मागचा भाग मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे गोळी ठेवायची की नाही यावरून घरात जेवढी चर्चा झाली त्यात प्रत्येक जण बाळाचं बोलत होता आणि हे दोन प्रसंग कुणाच्या तोंडात येत नव्हते.

पहिली दोन-अडीच वर्षं ती सोडियम व्हॅल्प्रोएट या मूड नीट ठेवणाऱ्या गोळीवर होती. लग्नाचं बघायला लागले तेव्हा डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू काढली आणि त्याच कामाचं दुसरं औषध, लिथियम, सुरू केलं. हा निर्णय या केसमधला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता असं मला वाटतं आणि तो दिवस जायच्या कितीतरी आधी झाला होता. व्हॅल्प्रोएट हे चांगलं औषध आहे, फिट्सवरही चालतं, पण गरोदरपणात ते घेतलं तर शंभरातल्या साधारण दहा बाळांना जन्मजात मोठं व्यंग असू शकतं, त्यात पाठीच्या कण्याचं व्यंगही आलं, आणि शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वागण्यात अडचणी येऊ शकतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून नियमच झाला की मूल होऊ शकेल अशा बाईला हे औषध द्यायचं असेल तर गर्भनिरोधनाची पक्की व्यवस्था आणि सही केलेला कागद हवाच. आपल्याकडे आजही विशी-बाविशीतल्या मुली हे औषध घेताना दिसतात आणि कित्येकींना कुणी याबद्दल एक शब्द सांगितलेला नसतो. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर डॉक्टरांना विचारा, आजच विचारा, फक्त गोळी स्वतःहून तोडू नका.

तर लिथियमवर तिचं छान बसलं. ३०० मिलीग्रॅमच्या तीन गोळ्या, म्हणजे दिवसाला ९००, रात्री क्वेटियापिन (मन शांत करणारी, झोप आणणारी अँटिसायकोटिक गटातली गोळी) १००, रक्तातली लिथियमची लेव्हल ०.७ च्या आसपास. चार वर्षं एकही अटॅक नाही. लग्न ठरताना नवऱ्याला सगळं खरं सांगितलं होतं, त्याने वाचून, डॉक्टरांना भेटून होकार दिला. सासूबाईंना मात्र ‘झोपेची गोळी’ एवढंच माहीत. डॉक्टरांनी दोघांना सांगून ठेवलं होतं की मुलाचा विचार कराल तेव्हा तीन-चार महिने आधी या, आपण बसून ठरवू. पण आयुष्य तसं चालत नाही. पाळी चुकली, दोन दिवस वाट बघितली, किट आणलं, दोन रेघा आल्या.

घरात आनंद. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात दाखवलं, सहावा आठवडा निघाला, तिने पर्समधल्या गोळ्या दाखवल्या, तिथल्या डॉक्टरांनी पाकीट बघितलं आणि म्हणाले, हे सगळं आजपासून बंद. का, कशासाठी चालू होतं, किती वर्षं, काही विचारलं नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘अगं पोरी, आपण सर्दीची गोळी पण घेत नाही या दिवसांत, आणि तू डोक्याची घेतेस होय?’ नवऱ्याने फोनवर शोधलं तर लिथियम आणि बाळाच्या हृदयाचं व्यंग हे दोन शब्द एकत्र दिसले, मग त्याचाही धीर सुटला. त्या रात्रीपासून दोन्ही गोळ्या बंद.

यात कुणाचं मन वाईट होतं असं नाही, सगळ्यांना बाळ नीट हवं होतं. पण जी व्यक्ती सात वर्षं तिला तपासत होती तिला एक फोन कुणी केला नाही. गावाकडच्या घरांत मला हेच सारखं दिसतं, दिवस गेले की ती बाई एकदम फक्त बाळंतपणाच्या डॉक्टरांची पेशंट होते आणि बाकीचे सगळे आजार जणू नऊ महिने रजेवर जातात.

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. ‘बघ, गोळीवाचून चाललंय की’ असं घरात म्हणायला लागले, आणि हा काळ सगळ्यात फसवा असतो. लिथियम अचानक तोडलं की आजार उसळी मारून परत येतो, आणि हळूहळू कमी केलं त्यापेक्षा एकदम तोडलं तर जास्त लवकर आणि जास्त वेळा येतो. अमेरिकेत २००७ साली एक अभ्यास छापून आला, बायपोलर असलेल्या ८९ गरोदर बायकांचा, ज्यांनी मूड नीट ठेवणारी औषधं बंद केली त्यांच्यातल्या सुमारे ८५ टक्के बायकांना गरोदरपणातच आजार उलटला, ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यात ३७ टक्के. म्हणजे गोळी चालू ठेवली की शंभर टक्के सुरक्षित असं मुळीच नाही, पण दोन आकड्यांमधलं अंतर बघा.

नवव्या आठवड्यात झोप तीन तासांवर आली. उलट्यांमुळे झोप येत नसेल असं वाटलं, ते वाटणं साहजिक होतं, पण तिला थकवा नव्हता, हा फरक बहिणीने फोनवर ओळखला. रात्री दोनला उठून माळा काढून भांडी घासायची, शाळेच्या ग्रुपवर लांबच लांब मेसेज, मग मोबाईलवर बाळासाठी म्हणून हप्त्यावर सामान मागवणं सुरू झालं, मग बोलणं ऐकेना, आणि एक दिवस भर दुपारी बाळ आपल्याशी बोलतंय म्हणून अनवाणी डोंगरावरच्या देवळाकडे चालत निघाली. दोन दिवस धड जेवण नाही, पाणी नाही. त्या दिवशी नवरा तिला घेऊन आमच्याकडे आला, दहावा आठवडा संपत आला होता.

नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, ‘मॅडम, बाळासाठीच बंद केली हो.’ मी त्याला एवढंच म्हटलं की तुम्ही बाळासाठीच केलंत हे मला पटतं, आता बाळाच्या आईसाठी काय करायचं ते ठरवू, कारण ते बाळ तिच्या पोटात आहे, तिने खाल्लं नाही तर त्याला मिळणार नाही, ती पडली तर त्यालाही लागणार.

मग आमच्या मानसोपचार डॉक्टरांनी जिल्ह्याच्या गावातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावला, दोघं अर्धा तास बोलले, स्पीकरवर नवरा आणि बहीण. हे फोनचं काम कुठल्याही औषधाइतकं महत्त्वाचं असतं. त्यात जे तोललं गेलं ते सोपं करून सांगते.

लिथियमची भीती कुठून आली? १९७० च्या दशकात लिथियम घेतलेल्या आयांच्या बाळांची एक नोंदवही ठेवली गेली, तिच्यात एब्स्टाइन नावाचं हृदयाच्या झडपेचं एक दुर्मीळ व्यंग खूप जास्त दिसलं. ते एरवी वीस हजारांतल्या एखाद्या बाळाला असतं, नोंदवहीवरून ते लिथियममुळे चारशे पट वाढतं असा हिशोब निघाला. पण अशा नोंदवहीत ज्यांच्या बाळाला काही झालं तेच डॉक्टर कळवतात, ज्यांचं नीट झालं ते कशाला कळवतील, त्यामुळे आकडा फुगला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तेरा लाखांहून जास्त गरोदरपणांच्या माहितीवर मोठा अभ्यास आला. त्यात लिथियम न घेतलेल्यांच्या बाळांमध्ये हृदयाची व्यंगं शंभरात साधारण एक, पहिल्या तीन महिन्यांत लिथियम घेतलेल्यांमध्ये शंभरात साधारण अडीच. आणि हे डोसवर अवलंबून निघालं, ६०० पर्यंत डोस असेल तर वाढ जवळजवळ नाहीच, ९०० च्या वर गेलं तर धोका तीन पटींच्या पुढे. म्हणजे धोका खरा आहे, तो नाही असं कुणी सांगत असेल तर तेही चूक, पण लिथियम घेतलेल्या शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव बाळांचं हृदय नीट असतं हेही तितकंच खरं.

दुसरी गोष्ट वेळेची. बाळाचं हृदय साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यात घडतं. ती आमच्याकडे आली तोवर तो काळ जवळपास संपला होता. आता लिथियम परत सुरू केलं तर व्यंगाचा प्रश्न मागे पडलेला, आणि न देण्याचा धोका समोर बसलेला दिसत होता. पहिले काही दिवस क्वेटियापिन परत सुरू करून, वाढवून तिला शांत केलं, झोप आणली (या गटातल्या औषधांवरही मोठे अभ्यास झालेत आणि क्वेटियापिनमुळे व्यंगं वाढतात असं त्यांत दिसलं नाही, साखर आणि वजन मात्र सांभाळावं लागतं), सलाईन दिलं, सोनोग्राफीत बाळाचे ठोके नीट दिसले, आणि बाराव्या आठवड्यात लिथियम परत सुरू. अॅडमिट ठेवलं होतं, बहीण सोबत राहिली. तीन आठवड्यांत ती तिच्या मूळ रूपात आली आणि आल्यावर खूप रडली, मी बाळाला त्रास दिला म्हणून. तिच्याशी त्यावर बरंच बोलावं लागलं, आजारात जे झालं ते तिने ठरवून केलेलं नव्हतं, हे एकदा सांगून पटत नाही.

अशा वेळी सासूबाईंना सगळं खरं सांगायचं ठरलं. त्या ओपीडीत आल्या, पदर सावरून बसल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘मला आधी सांगितलं असतं तर मीच गोळी हातावर ठेवली असती. माझी शुगरची गोळी कुणी बंद करा म्हणतं का?’ ती माहेरी जाईपर्यंत रात्रीची गोळी त्यांनीच दिली. लपवून ठेवलेल्या आजाराला घरातलं कुणी मदत करू शकत नाही, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

आता इथून पुढचा भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या’ म्हणजे पूर्वीची चिठ्ठी नऊ महिने तशीच चालवा असं नसतं. गरोदरपणात किडन्या जोरात काम करतात, रक्त गाळायचा वेग दीडपटीपर्यंत जातो, आणि लिथियम किडनीवाटेच बाहेर पडतं. त्यामुळे गोळ्या त्याच, पण रक्तातली लेव्हल खाली येते, दुसऱ्या तिमाहीत सरासरी एक तृतीयांशाने. तिची लेव्हल विसाव्या आठवड्यात ०.४ आली. आधी ०.७ ला स्थिर असलेली बाई ०.४ वर पुन्हा घसरू शकते, आणि घरचे म्हणणार गोळी तर चालू होती. डोस १२०० केला, सकाळ-रात्र विभागून, म्हणजे एका वेळी रक्तात जास्त उसळी नको. दर तीन-चार आठवड्यांनी लेव्हल, शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला, सोबत थायरॉइड आणि किडनीची तपासणी.

लेव्हल करताना दोन गोष्टी लोक चुकवतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी घेऊन मग लॅबला गेलात तर आकडा खोटा जास्त येतो. आणि रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतात ते बघा, काही ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे घातलेलं असतं त्यातच लिथियम असतं, त्या ट्यूबमध्ये घेतलेल्या रक्ताची लेव्हल एवढी वर दिसते की डॉक्टरच घाबरून गोळी बंद करतील. लहान गावातल्या लॅबला हे आधी सांगितलेलं बरं.

विसाव्या आठवड्यात व्यंगाची सविस्तर सोनोग्राफी झाली, बाविसाव्यात बाळाच्या हृदयाचा इको, म्हणजे फक्त हृदयाची बारकाईने सोनोग्राफी, त्यासाठी पुण्याला जावं लागलं. सगळं नीट होतं. रिपोर्ट हातात आल्यावर नवरा पार्किंगमध्ये बराच वेळ नुसता बसून राहिला म्हणे.

सातव्या महिन्यात पायांवर सूज आली. आमच्याकडे सूज म्हटलं की पहिलं बंद होतं ते मीठ. सासूबाईंनी मायेनेच अळणी जेवण सुरू केलं. पण शरीरात मीठ कमी पडलं की किडनी मिठासोबत लिथियमही धरून ठेवते आणि लेव्हल चढते. त्या आठवड्यात तिचे हात जास्त थरथरायला लागले, जुलाब झाले, तोल जातोय असं म्हणाली. बहिणीने लगेच फोन केला, लेव्हल १.२ आली, एक दिवस गोळी थांबवून, पाणी आणि नेहमीएवढं मीठ सुरू करून खाली आणली. ब्लडप्रेशर तपासलं, ते नॉर्मल होतं म्हणून निभावलं, कारण सूज आणि बीपी दोन्ही वाढलं असतं तर किडनीवर ताण येऊन लेव्हल आणखी चढली असती. हेच उलट्यांचं, हेच जुलाबाचं, हेच उन्हाळ्यात पाणी कमी पिण्याचं. आणि हेच डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांचं, त्या लिथियमची लेव्हल वाढवतात, मेडिकलमधून अशीच आणून घ्यायची नाही, दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

मग आलं डोहाळजेवण आणि पाठोपाठ माहेरी जाणं. पहिलं बाळंतपण माहेरी, यावर कुणाचं दुमत नव्हतं, आम्हीही विरोध केला नाही, कारण आई आणि बहीण तिथे होत्या आणि तिला त्याच हव्या होत्या. पण माहेर सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे आठव्या महिन्यात डॉक्टर बदलणार, हॉस्पिटल बदलणार, लॅब बदलणार. मानसोपचाराचं औषध चालू असलेल्या बाईसाठी हा टप्पा धोक्याचा असतो आणि याबद्दल कुणी लिहीत नाही. इंग्रजी पुस्तकांत हा प्रश्न सापडायचाच नाही, ही पद्धत आपली आहे. आमच्या डॉक्टरांनी एक पानाचं पत्र केलं, मराठीत आणि इंग्रजीत, काय आजार, कोणती गोळी, किती, शेवटची लेव्हल किती, बाळंतपणाच्या दिवशी काय करायचं, नंतर काय करायचं, आणि खाली फोन नंबर. त्याच्या झेरॉक्स माहेरच्या डॉक्टरांकडे, आईच्या पिशवीत, नवऱ्याच्या पाकिटात, आणि एक आशाताईंनी दिलेल्या माता-बाल संरक्षण कार्डात. हॉस्पिटल असं निवडलं की जिथे नवजात बाळाचा आयसीयू आहे, घरगुती बाळंतपण किंवा लहान नर्सिंग होम नको.

तिने स्वतःही एक कागद लिहिला, बरी असताना, स्वतःच्या अक्षरात. मला सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप लागली आणि मी म्हणत असेन की मला झोपेची गरजच नाही, तर माझं न ऐकता डॉक्टरांना फोन करा. निर्णय घ्यायची वेळ आली तर बहिणीला विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, यात पेशंटला आपले उपचार कसे व्हावेत हे आधी लिहून ठेवायचा आणि आपला प्रतिनिधी नेमायचा हक्क दिलाय. तिच्या कागदाची रीतसर नोंदणी झाली नव्हती, पण घरच्यांसाठी तो पुरेसा होता. त्याच कायद्यात असंही आहे की बाईला मानसिक उपचारासाठी अॅडमिट करावं लागलं तर तीन वर्षांखालचं मूल साधारणपणे तिच्यापासून तोडायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचाराच्या मोठ्या सरकारी संस्थेत २००९ पासून आई-बाळाला एकत्र ठेवणारा विभाग चालू आहे, तसे विभाग आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

कळा सुरू झाल्या तेव्हा ठरल्याप्रमाणे लिथियम थांबवलं, सलाईन लावलं म्हणजे अंगात पाणी कमी पडू नये, आणि बाळ झाल्यावर लेव्हल केली. नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, २ किलो ८०० ग्रॅम. आईच्या रक्तात जेवढं लिथियम तेवढंच जवळपास बाळाच्या रक्तात असतं, म्हणून बाळंतपणाच्या वेळी लेव्हल कमी असणं बाळासाठी बरं. पहिले दोन दिवस बाळाचं अंग ढिलं पडतंय का, दूध ओढतंय का, श्वास, साखर, थायरॉइड हे बघितलं. थोडी सुस्त होती, दुसऱ्या दिवशी रडून वॉर्ड डोक्यावर घेतला.

बाळंतपण झालं की किडनीचा वेग काही दिवसांत पूर्ववत होतो. गरोदरपणातला वाढलेला १२०० चा डोस तसाच चालू ठेवला असता तर लेव्हल विषारी झाली असती, म्हणून लगेच ९०० वर परत. पत्रात हे ठळक लिहिलं होतं आणि तिथल्या नर्सताईंनी ते वाचून स्वतः आमच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांचे मी किती आभार मानू.

मग बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या बंद, शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, आणि ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं’ हा जुना समज. लिथियम घेणारी बाई बंद खोलीत घाम गाळतेय आणि पाणी पीत नाही म्हणजे काय होईल ते वर लिहिलंच आहे. तिच्या आईशी आम्ही आधीच बोललो होतो. लाडू ठेवले, अळीव ठेवले, तेल लावणं ठेवलं, शेगडी काढली, खिडकी उघडी, उशाशी पाण्याचा तांब्या. शेजारच्या आजीबाई नाराज झाल्या, चालायचंच.

दुधाचा प्रश्न सगळ्यात अवघड गेला. लिथियम दुधात बऱ्यापैकी उतरतं आणि तान्ह्या बाळाच्या किडन्या ते बाहेर टाकायला तयार नसतात. काही ठिकाणी बाळाचं रक्त वारंवार तपासत अंगावर पाजायला परवानगी देतात, बरेच डॉक्टर नको म्हणतात. तिच्या गावात बाळाच्या रक्ताची लेव्हल दर आठवड्याला होणं शक्य नव्हतं. दुसरं कारण झोपेचं होतं, आणि बायपोलरमध्ये बाळंतपणानंतरची झोप हेच औषध असतं. तिने स्वतः ठरवलं की पाजायचं नाही. येणारी प्रत्येक बाई विचारायची, दूध येत नाही का, का पाजत नाही, आणि ती दर वेळी आतून कापली जायची. शेवटी तिच्या आईने एकच उत्तर ठरवून टाकलं, ‘डॉक्टरांनी सांगितलंय’, पुढे बोलणं बंद. वरचं दूध उकळलेल्या पाण्यात डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने, बाटलीऐवजी वाटी-चमच्याने, आणि रात्री दहा ते पहाटे पाच बाळ आजी आणि मावशीकडे. नवरा शनिवार-रविवार यायचा तेव्हा रात्र त्याची.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे बायपोलर बाईसाठी सगळ्या आयुष्यातले सगळ्यात जोखमीचे. एरवी हजार बाळंतपणांत एक-दोन बायकांना बाळंतपणातला सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) होतो, बायपोलर असेल तर हे प्रमाण साधारण पाचात एक इतकं जाऊ शकतं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली मांडलेला हिशोब सांगतो की गरोदरपणात औषध न घेतलेल्या बायपोलर बायकांपैकी ६६ टक्के बाळंतपणानंतर आजारी पडल्या, औषध चालू असलेल्यांपैकी २३ टक्के. लंडनमध्ये २००० साली डॉ. दक्षा एमसन स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या, बायपोलर होतं, मूल हवं म्हणून आणि मग दूध पाजायचं म्हणून त्यांनी औषध बंद ठेवलं होतं, बाळ तीन महिन्यांचं असताना आजार उलटला आणि दोघींचे जीव गेले. २००३ मध्ये चौकशीचा अहवाल आला, त्यात आजार लपवावा लागणं, लोक काय म्हणतील ही भीती, यावर बोट ठेवलं होतं. स्वतः त्या विषयातली डॉक्टर एकटी पडू शकते, मग आपल्या गावातल्या मुलीला घरच्यांची साथ किती लागत असेल.

हिची चौथी रात्र वाईट गेली. तीन तास झोप, डोळे लख्ख, बारशाची यादी करत बसली, बहिणीला म्हणाली बाळाच्या डोळ्यांत काहीतरी खूण आहे. बहिणीने तिचाच कागद काढला, तिच्यासमोर धरला, आणि पहाटे सहाला डॉक्टरांना फोन केला. क्वेटियापिन त्याच दिवशी वाढवलं, पाहुणे बंद, मोबाईल बाजूला, बारसं बाराव्या दिवशीच्या ऐवजी सव्वा महिन्याने करायचं ठरलं. पाच दिवसांत झोप परत आली. अॅडमिट करावं लागलं नाही. झोप गेलीय पण थकवा नाही, बाळाबद्दल विचित्र किंवा भीतीचं काही बोलणं, संशय, गोंधळलेली नजर, हे बाळंतपणानंतर दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, हार्ट अटॅकसारखं तातडीने न्यायचं. बाई आणि बाळ दोघांना एकटं सोडायचं नाही. काही सुचत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात.

ही केस लिथियमची आहे, पण वाचणाऱ्यांत डिप्रेशन किंवा अँक्झायटीच्या गोळ्या घेणाऱ्या जास्त असतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. सर्ट्रालिनसारख्या गोळ्या गरोदरपणात खूप वापरल्या गेल्यात, दुधात फार कमी उतरतात, काही बाळांना जन्मानंतर थोडे दिवस चिडचिड, थरथर, दूध ओढायला त्रास होतो आणि तो बहुतेक वेळा आपोआप जातो. २००६ साली अमेरिकेतल्याच एका अभ्यासात डिप्रेशनची औषधं गरोदरपणात बंद केलेल्यांपैकी ६८ टक्के बायकांना डिप्रेशन परत आलं, चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के. क्लोनाझेपामसारखी, घबराटीवर किंवा झोपेसाठी देतात ती गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती एका रात्रीत तोडणं धोक्याचं, हळूहळू उतरवतात. आणि सौम्य आजार असेल, बरेच दिवस बरं असाल, तर डॉक्टर स्वतःच गोळी कमी करून समुपदेशनावर ठेवू शकतात, तेही होतं. प्रत्येकीचा हिशोब वेगळा.

मुलगी आता चौदा महिन्यांची आहे, धरून चालते, आजीला हाक मारते, डॉक्टरांच्या मते वाढ वयाप्रमाणे आहे. तिची आई शाळेत शिकवायला परत रुजू झाली. गेल्या फॉलोअपला नवरा-बायको दोघं आले होते, दुसऱ्या मुलाचं विचारायला. डॉक्टरांनी सांगितलं, अजून वर्षभर थांबा, मग दिवस जायच्या आधी या, पहिल्या तिमाहीत लिथियम ६०० वर आणून क्वेटियापिनच्या जोडीने चालतं का ते आधीच करून बघू, नाही चाललं तर डोस आहे तसा ठेवून हृदयाचा इको करू. सासूबाई बाहेर बाकावर नातीला घेऊन बसल्या होत्या, जाताना आत डोकावून पुढच्या लेव्हलची तारीख लिहून घेऊन गेल्या.